लगाम डोक्याच्या मापाने निवडावा, पाकिटावरच्या अक्षरांनी नव्हे

आपल्या प्रश्नातील तपशील आधी मांडते, म्हणजे पुढचे उत्तर त्याला धरून राहील. आपण सहा वर्षांच्या घोडीसाठी ‘फुल’ मापाचा, माथ्याला आणि नाकाला जाड गादी असलेला नवा लगाम घेतला आणि जुन्याच प्रकारचे एका सांध्याचे बिट (घोड्याच्या तोंडात आडवा बसणारा लगामाचा भाग) नवे आणि अधिक जाड घेतले. तेव्हापासून घोडी डोके झटकते, लगाम चढवताना कान चुकवते, बिटावर हात येताच तोंड उघडते. सोबतच्या स्वारांनी नाकपट्टी दोन छिद्रे घट्ट करण्याचा सल्ला दिला, आणि आता लगाम बदलावा की बिट, असे आपण विचारत आहात.

नाकपट्टी घट्ट करू नये, हे पहिले उत्तर. तोंड उघडणे ही घोडीजवळ असलेली तक्रार करण्याची जवळजवळ एकमेव सोय आहे. ती पट्टीने बंद केली तर दुखणे तसेच राहते, फक्त आपल्याला दिसेनासे होते. दुसरे असे की लगाम आणि बिट यांपैकी एकच काहीतरी चुकले असेल हे गृहीतक बहुधा बरोबर नसते. लगाम ही एक वस्तू म्हणून विकली जात असली तरी डोक्यावर ती पाच-सहा स्वतंत्र पट्ट्यांसारखी वागते. त्यातली एक आखूड असली की ती दुसरीला जागेवरून ओढते, आणि दुखते भलतीकडेच.

कोणतेही माप घेण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून साडेचार-पाच वर्षांपर्यंत पडत असतात, त्यामुळे आपल्या घोडीचे ते वय नुकतेच मागे पडले आहे. तरी वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी उगवणारा छोटा ‘वुल्फ टूथ’ शिल्लक आहे का, हे पशुवैद्यकाने किंवा प्रशिक्षित दंतचिकित्सकाने पाहिलेले बरे. दुसरी गोष्ट दाढांच्या कडांची. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या, म्हणजे गालाकडच्या कडा झिजत नाहीत आणि धारदार होत जातात. त्या धारेवर गाल बाहेरून नाकपट्टीने दाबला गेला की आतून जखम होते. अशा तोंडात जगातले सर्वांत महाग बिट घातले तरी घोडी डोके झटकणारच. दात नीट असल्याची खात्री झाल्यावरच पुढचे वाचावे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आता मापे. ‘पोनी’, ‘कॉब’, ‘फुल’, ‘एक्स्ट्रा फुल’ ही नावे उत्पादकाच्या सोयीची आहेत. एका कारखान्याचे ‘कॉब’ दुसऱ्याच्या ‘फुल’इतके भरू शकते. शिवाय डोकी एका प्रमाणात वाढत नाहीत. अरबी घोड्याचे कपाळ रुंद आणि नाकाचा शेंडा निमुळता असतो, म्हणून त्याला कपाळपट्टी ‘फुल’ची आणि नाकपट्टी ‘कॉब’ची लागणे अगदी सामान्य आहे. जड बांध्याच्या घोड्यात उलट होते, म्हणजे डोके आखूड आणि जबडा भरदार. म्हणून शिवणकामाची मऊ टेप घेऊन चार मापे घ्यावीत. ओठाच्या एका कोपऱ्यापासून माथ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचे पहिले. एका कानाच्या मागच्या कडेपासून कपाळावरून दुसऱ्या कानाच्या मागच्या कडेपर्यंतचे दुसरे. गालाच्या हाडाची जी उभार कड डोळ्याखालून नाकाकडे येते, तिच्या टोकाखाली दोन बोटांवर नाकाचा घेर हे तिसरे. आणि एका कानामागून गळ्याखालून दुसऱ्या कानामागे जाणारे चौथे. ही मापे घेऊन दुकानात गेल्यास सुटे भाग वेगवेगळ्या मापांचे मागता येतात आणि बहुतेक चांगले कारागीर ते देतात.

कपाळपट्टीबद्दल थोडे थांबून सांगते, कारण सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा भाग हाच आहे आणि आपल्या घोडीच्या कान चुकवण्याचा संबंध मला तिथेच दिसतो. कपाळपट्टीचे मुख्य काम माथ्यावरचा पट्टा मागे मानेकडे सरकू न देण्याचे आहे. ती आखूड असली तर मात्र तोच पट्टा पुढे ओढला जातो आणि कानांच्या मुळांवर चढतो. कानाचे मूळ मऊ कूर्चेचे आहे आणि घोडा कान सतत फिरवत असतो, त्यामुळे प्रत्येक हालचालीला तिथे घर्षण होते. त्याहून वाईट म्हणजे डोळा आणि कान यांच्या मध्ये, त्वचेखाली लगेचच जबड्याचा सांधा आहे. आखूड कपाळपट्टीची टोके किंवा गालपट्टीचे बकल त्याच जागी येऊन रुतले की घोडा चावताना, बिट तोंडात फिरवताना आणि मान वाकवताना दुखतो. पाहणाऱ्याला मात्र तो बिटाविरुद्ध भांडतो आहे असे वाटते.

या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगण्यासारखी आहे. अनेक वर्षांपूर्वी एका खच्ची केलेल्या घोड्यासाठी मी लागोपाठ तीन बिटे बदलली, प्रत्येक आधीच्यापेक्षा मऊ, आणि त्याचे डोके झटकणे तसूभरही कमी झाले नाही. शेवटी कपाळपट्टी हरवली म्हणून दुसऱ्या लगामाची उसनी लावली, ती दोनेक सेंटिमीटर लांब होती, आणि घोडा त्याच दिवशी शांत चालला. तेव्हापासून मी तोंडाला हात लावण्याआधी माथा पाहते.

तपासण्याची रीत सोपी आहे. लगाम घातल्यावर कपाळपट्टी कपाळाला हलकी टेकलेली असावी आणि तिच्याखालून दोन बोटे सहज फिरावीत. तिची टोके कानाच्या मुळाखाली थोडी जागा सोडून असावीत. माथ्यावरचा पट्टा कानांच्या मागे सपाट बसलेला असावा, आणि कानाचे मूळ व पट्टा यांच्यामध्ये बोट घातले तर घोड्याने कान मागे टाकू नये. माथ्यावरून नाकपट्टीचा अरुंद पट्टा वेगळा जात असेल तर तो मुख्य पट्ट्याखाली कण्यासारखा उभा राहून एका रेषेत दाब देतो. म्हणून नाकपट्टीचा पट्टा मुख्य पट्ट्यातच ओवलेला, एकसंध माथापट्टीचा लगाम मला अधिक पसंत आहे. गादीबद्दल मात्र सावध राहावे. आखूड पट्ट्यात जाड गादी घातल्यास पट्टा आणखी आखूड होतो, हे घट्ट बुटात जाड मोजे घालण्यासारखे आहे, आणि आपल्या नव्या लगामाचे बहुधा हेच झाले आहे.

गळपट्टी आणि गालपट्टी यांना फार वेळ लागत नाही. गळपट्टी बांधल्यावर तिच्यात आणि जबड्याच्या बाजूत उभी मूठ मावावी, कारण घोड्याने मान गोल केली की जबडा मागे येतो आणि गळ्याची जागा भरते. दोन्ही गालपट्ट्या शक्यतो मधल्या छिद्रांवर याव्यात, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे वाव राहतो. त्यांची बकले डोळ्याच्या कोपऱ्याजवळ किंवा गालाच्या हाडाच्या कडेवर येऊ नयेत. दोन्ही बाजूंना छिद्रांची संख्या सारखी आहे एवढ्यावर विसंबू नये. कातडे एका बाजूने अधिक ताणलेले असू शकते, म्हणून समोर उभे राहून बिटाच्या दोन्ही कड्या एका पातळीत आहेत का ते डोळ्यांनी पाहावे.

आता बिट, म्हणजे ज्याला जुन्या मराठीत कडियाळे म्हणत. ते जिथे बसते ती जागा घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली मोकळी फट आहे. तिथे हाडावर फक्त पातळ हिरडी असते, स्नायूंची किंवा चरबीची गादी नसते. नराच्या तोंडात, आणि क्वचित घोडीच्याही, याच फटीत सुळे उगवतात. पूर्ण वाढलेल्या नराचे सर्वसाधारणपणे 40 दात आणि घोडीचे 36 असे जे म्हणतात, तो फरक या चार सुळ्यांचाच. बिट सुळ्यांपासूनही दूर हवे आणि पहिल्या दाढेपासूनही.

‘ओठाच्या कोपऱ्यात दोन सुरकुत्या दिसल्या म्हणजे बिटाची उंची बरोबर’ हा नियम आपण ऐकला असेल. नवशिक्याला सुरुवात करून देण्यापुरता तो ठीक आहे, पण निर्णय त्यावर सोडू नये. मांसल ओठांच्या घोड्याला बिट खाली लोंबत असतानाही दोन सुरकुत्या पडतात, आणि ताठ, पातळ ओठांच्या घोड्याला त्या दिसेपर्यंत बिट दाढांना भिडलेले असते. मी बिट ओठाच्या कोपऱ्याला नुकते टेकेल इतके वर घेते, मग ओठ बाजूला करून आत पाहते, आणि तिथून एक छिद्र वर व एक छिद्र खाली असे करून घोडा कुठे शांतपणे जीभ हलवतो ते पाहते. बिट फार खाली असेल तर घोडा जीभ त्याच्यावर काढायला शिकतो आणि ती खोड मोडणे कठीण जाते. फार वर असेल तर रेन्स, म्हणजे बिटापासून स्वाराच्या हातात येणाऱ्या पट्ट्या, सैल सोडूनही ओठांवरचा ताण सुटत नाही, मग हाताने दिलेली सूट घोड्यापर्यंत पोहोचतच नाही.

रुंदीचे माप एखाद्या गुळगुळीत गोल लाकडी काडीने घ्यावे. ती बिटाच्या जागी आडवी धरून दोन्ही ओठांच्या कडेला खुणा कराव्यात. सैल कडीच्या बिटात प्रत्येक बाजूला साधारण 5 मिलिमीटर जागा लागते, कारण कडी बिटाच्या भोकातून फिरते आणि त्या भोकात ओठ चिमटला जातो. अंड्याच्या आकाराच्या किंवा इंग्रजी ‘डी’सारख्या पक्क्या कडीला 2 ते 3 मिलिमीटर पुरतात. मोठ्या घोड्यांची बिटे बहुधा 125 ते 140 मिलिमीटरांच्या आसपास असतात, परंतु घोड्याच्या उंचीवरून तोंडाची रुंदी ओळखता येत नाही. ‘थोडे मोठे असलेले बरे’ हा विचार बिटाच्या बाबतीत उलटतो. रुंद बिट एका बाजूला सरकते, त्याचा सांधा मधून हलतो, आणि एका सांध्याचे बिट असेल तर ते अधिक खोल दुमडून जिभेला दोन्ही बाजूंनी पकडते व टाळूकडे टोक काढते.

जाडीबद्दलचा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. जाड बिट म्हणजे मऊ बिट, कारण दाब मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. हे गणित बरोबर आहे, पण तोंडात मोकळी जागा असेल तरच. प्रत्यक्षात मिटलेल्या तोंडात जीभ बहुतेक सगळी जागा व्यापते. मांसल जीभ आणि खाली आलेली टाळू असलेल्या घोड्याच्या तोंडात 18 ते 20 मिलिमीटर जाडीचे बिट घातले की रेन्सवर हात नसतानाही जीभ दाबलेली राहते, आणि घोडा जागा करण्यासाठी तोंड उघडतो. अशा घोड्यांना 14 मिलिमीटरचे, जिभेसाठी किंचित वाक असलेले बिट बहुधा अधिक मानवते. आपल्या घोडीचे डोके अरबी वळणाचे आहे असे आपण लिहिले आहे आणि बिट जाड केल्यावरच तोंड उघडणे सुरू झाले आहे. म्हणून तोंड मिटलेले असताना ओठाचा कोपरा हलकेच बाजूला करून जीभ दातांच्या कडेबाहेर फुगलेली दिसते का हे पाहावे. जीभ निळसर दिसली तर त्या बिटाने काम तत्काळ थांबवावे.

प्रकारांची यादी देण्याचा मोह आवरते, कारण ती कधीच संपत नाही. आपल्या कामापुरते एवढे पुरे आहे की एका सांध्याचे बिट दुमडते, मध्ये लहान गोल दुवा असलेले दोन सांध्यांचे बिट जिभेवरून वळसा घेऊन बसते, आणि सांधा नसलेले किंचित वाकलेले बिट तोंडात सर्वांत स्थिर राहते. तोंडात होणाऱ्या सततच्या हालचालीने चिडणाऱ्या घोड्यांना शेवटचे आवडते, तर बिटावर भार टाकून चालणाऱ्यांना बहुधा दोन सांध्यांचे. दुव्याकडे नीट पाहावे. काही बिटांत मधली चपटी पट्टी तिरपी बसवलेली असते आणि तिची कड जिभेत रुतते; दिसायला ती गोल दुव्यांच्या बिटांसारखीच वाटतात. धातूंत स्टेनलेस स्टील टिकाऊ आहे, तांब्याच्या मिश्रणाने काही घोड्यांना लाळ बरी सुटते. रबरी बिट चावून खरबरीत झाले की टाकून द्यावे.

तरफेची बिटे, म्हणजे ज्यांना लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते, ती आपल्याला आत्ता नकोत. त्यांत खालची दांडी वरच्या दांडीच्या जितक्या पट लांब, तितक्या पटीने हाताचा जोर वाढून तोंडात जातो, आणि अस्वस्थ घोडीवर ते वापरणे म्हणजे कारण न शोधता आवाज दाबणे. पुढे कधी वापरायची वेळ आली तर साखळी पीळ न पडता हनुवटीच्या खळीत सपाट बसावी आणि दांडी सुमारे 45 अंश मागे आल्यावर ती टेकावी. बिट नसलेला लगामही आपोआप सौम्य ठरत नाही. त्याचा सगळा दाब नाकावर, हनुवटीवर आणि माथ्यावर येतो, आणि हॅकमोर म्हणतात त्या बिट नसलेल्या लगामाच्या तरफेच्या प्रकारात तो बराच मोठा असतो. पट्टी खाली घसरली तर नाकाच्या हाडाच्या पातळ टोकावर आणि श्वासाच्या वाटेवर बसते. दातांच्या किंवा तोंडाच्या जखमा भरून येईपर्यंत नाकावर चालणारा साधा, तरफ नसलेला लगाम वापरणे मात्र मला योग्य वाटते.

आता पुन्हा नाकपट्टीकडे येते. साधी नाकपट्टी गालाच्या उभार कडेच्या टोकाखाली सुमारे दोन बोटांवर बसावी. तिच्याखाली किती जागा आहे हे नाकाच्या हाडावर, बरोबर मध्यभागी तपासावे. बहुतेक लोक बोटे जबड्याखाली किंवा बाजूला घालून पाहतात. तिथे मऊ भाग किंवा पोकळी असल्यामुळे पट्टी करकचून आवळलेली असली तरी बोटे शिरतात. हाडावर मध्यभागी मोठ्या माणसाची दोन बोटे, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर जागा असावी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियम येथील स्पर्धांतल्या 750 घोड्यांच्या नाकपट्ट्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी 44 टक्के घोड्यांना पट्टीखाली जागाच नव्हती, आणि दोन बोटांची जागा होती ती केवळ 7 टक्क्यांना. आपले सहकारी वाईट हेतूने सल्ला देत नाहीत. त्यांनी आजूबाजूला असेच पाहिले आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2025 पासून आपल्या स्पर्धांत ही जागा मोजण्यासाठी एकसारखे मापक वापरायला सुरुवात केली, तेही याच कारणाने.

कप्पीसारखे परत वळवून ओढायचे बकल असलेली नाकपट्टी शक्य तर टाळावी, कारण त्यात हाताला जाणवतो त्यापेक्षा बराच अधिक ताण बसतो आणि आपण किती आवळले हे आपल्यालाच कळत नाही. नाकपट्टीला जोडून बिटाखालून जाणारा फ्लॅशचा पट्टा मुख्य पट्टीला खाली ओढतो. चाचणीच्या काळात तो काढूनच ठेवावा. ज्यात पट्टी बिटाच्या खालून जाते त्या प्रकारची नाकपट्टी वापरायची झाल्यास तिचा वरचा भाग हाडावरच राहावा, नाकपुडीच्या वरच्या कडेपासून साधारण चार बोटे वर.

कातड्याबद्दल थोडक्यात सांगते. लगाम बकलाच्या वळणावर आणि बिट अडकवायच्या आकड्यांजवळ तुटतो, म्हणून तिथे पट्टी उलटी वाकवून भेगा पाहाव्यात आणि शिवण नखाने ओढून पाहावी. नवे कातडे पहिल्या काही दिवसांत थोडे लांबते, त्यामुळे बसवणी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते. वापर झाला की घाम ओल्या फडक्याने पुसावा, ग्लिसरीनचा साबण हलका लावावा, आणि तेल बेताने, कारण तेल मुरलेले कातडे मऊ होते तसे ढिलेही पडते. ओला लगाम विस्तवाजवळ वाळवू नये. आणि लगामाने घोडीला कधीही बांधून ठेवू नये. ती दचकून मागे ओढली तर सगळा जोर तोंडावर येतो. बांधण्यासाठी म्होरकी वेगळी असते.

आपल्या घोडीसाठी मी हा क्रम धरीन. दात तपासून झाल्यावर नाकपट्टी पूर्ण काढून ठेवावी आणि सध्याचेच बिट ठेवून फक्त कपाळपट्टी एक माप मोठी लावावी. चार-पाच दिवस तिला हातात धरून आणि नंतर सावकाश चालीत बघावे. लगाम चढवताना कान चुकवणे थांबले तर माथ्याचा प्रश्न होता हे कळेल, मग उरलेले तोंड उघडणे बिटाचे आहे असे मानून 14 मिलिमीटरचे, दोन सांध्यांचे, काडीने मोजलेल्या रुंदीचे बिट उसने आणून पाहावे. दोन बदल एकाच दिवशी करू नयेत, नाहीतर फरक कशाने पडला ते समजणार नाही. प्रत्येक वेळी काम संपल्यावर लगाम काढताच कानामागे, गालावर, ओठांच्या कोपऱ्यात आणि नाकावर बोटे फिरवून कुठे ती चमकते ते टिपून ठेवावे, आणि विस्कटलेले केस किंवा घामातला कोरडा ठिपका दिसला तर त्याचे छायाचित्र घ्यावे. नाकपट्टी परत घालायची ती सर्वांत शेवटी, आणि तिच्यावाचून घोडी शांत चालत असेल तर तिची गरज आहे का हे आपणच ठरवावे.